हौसेचं मोल कोण ठरवतं?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून काही जणी हसल्या, हे माझ्या कानावर आलं आहे. पोटगीचे खटले, रेशनकार्ड, घरकामगारांचा पगार आणि मध्येच बाहुल्या! चहाच्या वेळी एकीनं स्पष्टच विचारलं, "ताई, बाहुल्या जमवणं हे खात्यापित्या बायकांचं खूळ. त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. हा विषय घेण्यामागं माझी तीन कारणं आहेत.

पहिलं कारण असं, की बाहुल्यांचा संग्रह करणं हे जगातल्या अशा मोजक्या छंदांपैकी आहे जिथं बहुसंख्य बायकाच आहेत. मंडळं त्यांची, प्रदर्शनं त्यांची, स्पर्धांच्या परीक्षक त्याच आणि नियम करणाऱ्याही त्याच. तेव्हा इथंही उच्च-नीच तयार होत असेल, तर "पुरुषप्रधान व्यवस्था" एवढं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. बायकांनी बायकांसाठी उभारलेल्या जागेत उतरंड कशी रचली जाते, हे तिथं उघड्या डोळ्यांनी पाहता येतं.

दुसरं कारण, मुलीच्या हातात दिली जाणारी माणसाची पहिली प्रतिमा म्हणजे बाहुली. सुंदर कोण, आपलं कोण, जपून ठेवण्यासारखं कोण, याचे धडे ती शाळेच्या आधी गिरवते.

आणि तिसरं, या छंदाच्या जगात बाहेर ठेवलेल्यांना सामावून घेण्याची लढाई कित्येक वर्षं चालू आहे. त्यात काही जिंकलं गेलं, काही हुकलं. आपल्या संघटनांतही "सर्व स्तरांतल्या बायका याव्यात" असं आपण म्हणतो. मग ज्यांनी हे करून पाहिलं त्यांच्याकडून शिकायला काय हरकत आहे?

मी मुख्यतः अमेरिकेबद्दल बोलणार आहे, कारण संग्राहकांच्या संघटना तिथं फार पूर्वीपासून आहेत आणि ही लढाई तिथं ठसठशीत दिसते. शेवटी आपल्या दाराशीही येईन.

उतरंड रचली कशी?

अमेरिकेतल्या बाहुली-मंडळांचा महासंघ १९४९ साली स्थापन झाला. त्याची मंडळं गावोगावी आहेत, अधिवेशनं भरतात, जुन्या बाहुल्यांच्या स्पर्धा होतात. या मंडळांनी केलेलं काम खोटं नाही. बाहुल्यांचा इतिहास लिहिणं, त्या टिकवणं, त्यांची ओळख पटवणं हे सारं मुख्यतः हौशी बायकांनी केलं. विद्यापीठांनी आणि मोठ्या संग्रहालयांनी ज्या वस्तूंना "पोरखेळ" म्हणून बाजूला सारलं, त्या या बायकांनी जपल्या. याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

पण संग्रह म्हटला की निवड आली आणि निवड म्हटली की मोजमाप आलं. बाहुली "चांगली" कशावरून? संग्राहकांच्या जगात रुळलेली मापं साधारण अशी आहेत. बाहुलीच्या मानेमागं कारखान्याचा शिक्का आहे का? मूळ कपडे, मूळ केस आहेत का? कुठं तडा, डाग, शिवण उसवलेली नाही ना? आणि अलीकडच्या बाहुल्यांच्या बाबतीत, ती मूळ खोक्यात आहे का? खोक्यातून कधीच बाहेर न काढलेली बाहुली सर्वांत मोलाची. त्यासाठी इंग्रजीत एक खास संक्षेपच रूढ आहे.

या मापांनी सर्वांत वर बसवल्या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच बाहुल्या. जुमो, ब्रू या कारखान्यांच्या. त्यांचे चेहरे बिस्कचे, म्हणजे झिलई न दिलेल्या भाजलेल्या चिनी मातीचे. डोळे काचेचे, अंगावर रेशीम. त्यांच्या खालोखाल चांगल्या जर्मन बाहुल्या. मग जुन्या बार्बी. आणि घरी चिंध्यांतून शिवलेली, शिक्का नसलेली, पोरींनी खेळून खेळून नाक झिजवलेली बाहुली बराच काळ तळाशी होती.

वरवर पाहता ही मापं निःपक्षपाती वाटतात. डाग तो डागच, तो कोणाची जात-वर्ण विचारत नाही. पण जरा उलगडून पाहा. १८८० साली पॅरिसची रेशमी बाहुली कोणाच्या घरी येऊ शकत होती? आलेलं खेळणं न खेळता ठेवून देणं कोणत्या घराला परवडतं? कोरड्या, गळक्या नसलेल्या खोलीत काचेचं कपाट कोणाकडं असतं? ज्या घरात चार पोरींत एक बाहुली, त्या घरातली बाहुली पंचवीस वर्षांनी "उत्तम अवस्थेत" सापडणारच नाही. म्हणजे बाहुलीची अवस्था मोजता मोजता आपण घराची ऐपतच मोजत असतो. आणि खेळून झिजलेली बाहुली ही बाहुली म्हणून सर्वांत यशस्वी, पण संग्रहाच्या बाजारात तीच नापास.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. मानेमागं मालकाचं नाव असतं. करणाऱ्या हातांचं नसतं. जर्मनीतल्या थुरिंगिया भागात सोनेबर्ग नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला जगभरच्या बाजारात तिथली खेळणी जात. हा धंदा मोठ्या प्रमाणात घरोघरी चालायचा. आई, बाप, पोरं मिळून एका खोलीत कोणी लगद्याचे हातपाय साच्यातून काढतंय, कोणी डोळे रंगवतंय, कोणी शिवतंय. मजुरी नगावर, आणि हंगामात रात्र-रात्र काम. १९५९ साली पहिली बार्बी बाजारात आली ती जपानमध्ये तयार झालेली होती आणि तिचे चिमुकले कपडे जपानी बायकांनी घरी बसून शिवले होते. त्या पहिल्या बार्बीचे मूळ कपडे आज संग्राहक भिंगातून पाहतात, टाक्यांची तारीफ करतात. टाका घालणारीचं नाव मात्र कोणत्याच खोक्यावर नाही.

आपल्यापैकी ज्या विडी वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, गारमेंटचं काम घरी आणणाऱ्या बायकांबरोबर काम करतात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नगावरची मजुरी आणि बिननावाचं काम आपल्या ओळखीचं आहे.

काळी बाहुली कुठं होती?

आता रंगाकडं येऊ. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दुकानात मिळणारी काळी बाहुली बहुधा व्यंगचित्रच असायची. जाड ओठ, बटबटीत डोळे, डोक्याला फडकं बांधलेली मोलकरीण. काळ्या आईनं लेकीला घेऊन द्यावी अशी बाहुली मिळणं कठीण. याविरुद्ध पहिले मोठे प्रयत्न काळ्या समाजातूनच झाले. नॅशव्हिलचे धर्मोपदेशक आणि प्रकाशक रिचर्ड हेन्री बॉइड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काळ्या मुलांसाठी रुबाबदार काळ्या बाहुल्या विकायला काढल्या. त्यातल्या सुरुवातीच्या जर्मनीतून करवून आणलेल्या होत्या.

१९४० च्या दशकात मेमी क्लार्क आणि केनेथ क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं केलेले बाहुल्यांचे प्रयोग समाजकार्य शिकलेल्या अनेकींना माहीत असतील. रंग सोडला तर सारख्याच असलेल्या बाहुल्या तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढं ठेवल्या. खेळायला कोणती हवी? चांगली कोणती? वाईट दिसते ती कोणती? साधारण दोनतृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. अर्ध्याहून अधिक मुलांनी काळीला वाईट म्हटलं. आणि शेवटचा प्रश्न होता, तुझ्यासारखी कोणती? तिथं काही मुलं रडली, काही खोलीतून निघून गेली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा निकालाच्या तळटिपेत या संशोधनाचा आधार होता.

इथं एक गोष्ट आपण बायकांनी लक्षात ठेवावी. या प्रयोगांची मुळं मेमी क्लार्क यांच्या एम.ए.च्या अभ्यासात होती. नाव मात्र बराच काळ नवऱ्याचं आधी आणि मोठ्यानं घेतलं गेलं.

यानंतर मोठ्या कंपन्यांनी काळ्या बाहुल्या काढल्या त्या अडखळत. १९५१ साली फ्लोरिडातल्या सारा ली क्रीच या गोऱ्या बाईच्या पुढाकारानं सारालीची काळी बाहुली आली. तिच्या चेहऱ्यासाठी काळ्या मुलांच्या डोक्यांची खरी मापं घेतली होती. लेखिका झोरा नील हर्स्टन आणि एलिनॉर रूझवेल्ट यांनी तिला पाठिंबा दिला. पण दोन-तीन वर्षांतच ती बंद झाली. १९६७ साली मॅटेल कंपनीनं बार्बीच्या चुलत बहिणीची, फ्रॅन्सीची, काळी आवृत्ती काढली. म्हणजे काय केलं? साचा गोऱ्या फ्रॅन्सीचाच, फक्त रंग गडद. ती फारशी खपली नाही. पुढच्या वर्षी क्रिस्टी आली, तीही बार्बीची मैत्रीण म्हणून. "बार्बी" हे नाव लावलेली काळी बाहुली यायला १९८० साल उजाडलं, आणि तिची रचना किटी ब्लॅक पर्किन्स या काळ्या डिझायनरनं केली. म्हणजे मैत्रिणीच्या जागेवरून नायिकेच्या जागेवर यायला बारा वर्षं लागली आणि त्यासाठी निर्णयाच्या टेबलाशी एक काळी बाई बसावी लागली.

मधल्या काळात दुसरीही एक वाट निघाली होती. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात १९६५ साली मोठा उद्रेक झाला. त्यानंतर तिथल्या काळ्या वस्तीत उभ्या राहिलेल्या एका स्वावलंबन संघटनेनं १९६८ साली शिंदाना नावाचा बाहुल्यांचा कारखाना काढला. मॅटेलनं सुरुवातीला मदत केली, पण कारखाना वस्तीचा होता. पहिली बाहुली बेबी नॅन्सी. रंग दिलेली गोरी बाहुली ती नव्हे. तिचा चेहरा, नाक, पुढं केसही काळ्या लेकराचे होते. १९८३ साली कारखाना बंद पडला. २०२० साली बेबी नॅन्सीला अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी सन्मानदालनात जागा मिळाली. सन्मान आला तेव्हा कारखाना बंद होऊन सदतीस वर्षं झाली होती.

आता याचा संग्रहाशी संबंध पाहा. जी बाहुली बनलीच नाही ती जमवणार कशी? जी बनली ती बहुतेक अपमानाची. आणि आईनं, आजीनं घरी शिवली ती मापात बसत नाही. म्हणजे काळी बाई संग्राहकांच्या बैठकीत गेली, दारात तिला कोणी अडवलं नाही, तरी टेबलावर मांडायला तिच्याकडं "मोलाचं" काय असणार? दार उघडं असून माणूस बाहेर राहतो तो असा.

माप बदलणाऱ्या बायका

हे चित्र बदललं ते काळ्या बायकांनी आपले संग्रह स्वतः उभे केले म्हणून. १९८८ साली बार्बरा व्हाइटमन यांनी फिलाडेल्फियात काळ्या बाहुल्यांचं संग्रहालय सुरू केलं. २०१२ साली डेब्रा ब्रिट आणि त्यांच्या बहिणींनी मॅसॅच्युसेट्समधल्या मॅन्सफिल्डला असंच एक उघडलं. डेब्रा ब्रिट सांगतात, की लहानपणी त्यांची आजी दुकानातली गोरी बाहुली आणून तपकिरी रंगात बुडवायची. आता विचार करा, जुन्या मापानं त्या बाहुलीची किंमत काय? मूळ रंग गेला, म्हणजे मालच खराब. पण एका आजीनं नातीसाठी बाजाराला दिलेलं ते उत्तर होतं. ते समजायचं तर माप बदलावं लागतं.

या बायकांनी बाहुलीला वेगळे प्रश्न विचारले. ही कोणी केली? कोणत्या कपड्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून? कोणासाठी? तिच्याशी कोण खेळलं? अपमानाच्या बाहुल्याही त्यांनी फेकून दिल्या नाहीत. आमच्याकडं कसं पाहिलं जायचं त्याचा हा पुरावा आहे, म्हणून त्या मांडल्या. डाग आणि ठिगळ हा दोष राहिला नाही, ती माहिती झाली.

२०२२ साली न्यूयॉर्कच्या इतिहास संस्थेत काळ्या बाहुल्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात शंभराहून अधिक हातानं शिवलेल्या कापडी बाहुल्या होत्या, मुख्यतः १८५० ते १९४० या काळातल्या. त्यातल्या काही हॅरिएट जेकब्स यांनी केलेल्या मानल्या जातात. हॅरिएट जेकब्स गुलामीतून पळालेली बाई. पळण्याआधी जवळजवळ सात वर्षं ती आजीच्या घराच्या माळ्यावरच्या अंधाऱ्या, उभंही राहता येणार नाही अशा सांदीत लपून राहिली होती. पुढं न्यूयॉर्कला एका लेखकाच्या घरी ती मुलं सांभाळायची, आणि रात्री जागून तिनं आपली कहाणी लिहिली. ती १८६१ साली छापून आली. गुलाम स्त्रीच्या लैंगिक छळाबद्दल इतकं उघड बोलणारं ते पहिल्या पुस्तकांपैकी एक आहे. ज्या हातानं ते लिहिलं त्याच हातानं मालकाच्या लेकींसाठी बाहुल्या शिवल्या. ते पुस्तकही कितीतरी वर्षं कोणा गोऱ्या बाईची कादंबरी समजलं गेलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधनानं ते तिचंच असल्याचं सिद्ध केलं.

पण मैत्रिणींनो, इथं जिंकलो म्हणून टाळ्या वाजवून थांबता येत नाही. त्या प्रदर्शनातल्या बहुतेक बाहुल्या एका गोऱ्या वकील बाईंच्या संग्रहातल्या होत्या. त्यांनी त्या कोणी विचारत नव्हतं तेव्हापासून जमवल्या, म्हणून त्या वाचल्या, हे मान्य करायला हवं. तरी बघा, जेकब्ससारखा अपवाद सोडला तर शिवणाऱ्या बायकांची नावं कुठंच नाहीत. आणि तळाची वस्तू एकदा "मोलाची" ठरली की तिचा भाव चढतो आणि जिच्या पणजीनं ती शिवली तिलाच ती विकत घेता येत नाही. हा कोणा एकीचा दोष नाही. माप बदललं पण तराजू त्याच हातात राहिला, की असं होतं.

सामावून घेण्याच्या तीन तऱ्हा

बाजारानंही पुढं "सर्वांना सामावून घेणं" हा शब्द उचलला. त्याच्या तीन गोष्टी सांगते.

अमेरिकन गर्ल नावाची बाहुल्यांची प्रसिद्ध मालिका १९८६ साली सुरू झाली. प्रत्येक बाहुली इतिहासातल्या एका काळातली मुलगी, तिच्याबरोबर तिच्या गोष्टींची पुस्तकं. १९९३ साली त्यात पहिली काळी मुलगी आली, ॲडी. ती गुलामीतून आईबरोबर पळून आलेली. काळ्या अभ्यासकांचा सल्ला घेऊन, काळ्या लेखिकेकडून पुस्तकं लिहून घेऊन ती केली होती, आणि अनेक काळ्या मुलींना ती प्राणप्रिय झाली. पण पुढची अठरा वर्षं ऐतिहासिक मालिकेची नायिका असलेली काळी मुलगी ही एकटीच. गोऱ्या मुलींना कितीतरी इतिहास, काळ्या मुलीला एकच, आणि तो गुलामीचा. आपल्याकडं परिसंवादात दलित बाईला बोलावतात ते फक्त अत्याचारावर बोलायला, तशातलंच हे.

दुसरी गोष्ट २००९ सालची. त्याच कंपनीनं ग्वेन नावाची बाहुली काढली. गोष्टीत ती बेघर, आईबरोबर काही काळ गाडीत झोपणारी. किंमत ९५ डॉलर. बेघर मुलीच्या आईला ती कधीतरी घेता येईल का, असं तिथल्या लोकांनी विचारलं आणि बराच गदारोळ झाला. गरिबी गोष्टीत आली, दुकानात नाही.

तिसरी १९९७ सालची. मॅटेलनं चाकाच्या खुर्चीतली बेकी आणली, बार्बीची मैत्रीण. तिचं स्वागत झालं. थोड्याच दिवसांत एका अपंग मुलीच्या लक्षात आलं, की बेकीची खुर्ची बार्बीच्या स्वप्नमहालाच्या लिफ्टमध्ये मावतच नाही! बाहुली आली, पण घर तिच्यासाठी बांधलेलं नव्हतं. २०१९ साली नवी चाकाच्या खुर्चीतली बार्बी आली तेव्हा बरोबर उतार दिला होता. मधे गेली बावीस वर्षं.

माझ्या मते आजच्या भाषणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य या तिसऱ्या गोष्टीत आहे. कोणाला आत बोलावणं सोपं असतं. आत आल्यावर तिला फिरता यावं म्हणून घराची मापं बदलणं अवघड असतं, कारण त्यासाठी घर ज्यांचं आहे त्यांना काही सोडावं लागतं.

कोणी म्हणेल, "अहो, ज्यानं त्यानं आपल्या पैशानं काय जमवावं हा खासगी मामला. हौसेला मोल नसतं." खरं आहे, एकटीच्या कपाटाबद्दल माझी तक्रार नाही. पण कपाटांचं मंडळ होतं, मंडळाचे नियम होतात, नियमांवरून बक्षिसं आणि भाव ठरतात, भावावरून संग्रहालयात काय जाणार ते ठरतं, आणि संग्रहालयात जाईल तोच उद्याचा इतिहास. मग हौस खासगी राहत नाही.

आपल्या दाराशी

बाहुल्यांचा संग्रह म्हटलं की आपल्या देशात आठवतो तो नवरात्रातला गोलू. तामिळनाडूत, कर्नाटकात, आंध्रात आणि मुंबईत माटुंगा-चेंबूरच्या तमिळ घरांतही विषम संख्येच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. आईकडून लेकीकडं आलेल्या बाहुल्या, दरसाल एखादी नवी. संध्याकाळी बायका-मुली एकमेकींकडं जातात, गाणी म्हणतात, तांबूल घेतात. बायकांनी पिढ्यान् पिढ्या चालवलेला हा संग्रह खरंच देखणा असतो.

त्या पायऱ्या मात्र नीट पाहा. वर देव, मग संतसज्जन, मग माणसं, आणि खालच्या पायरीवर वाणी आपलं धान्याचं दुकान मांडून बसलेला. परंपरेनं ही मांडणी मुख्यतः ब्राह्मण आणि इतर वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या घरांतली. मातीच्या बाहुल्या घडवतात मदुराईजवळच्या विळाचेरीसारख्या गावांतली कुंभार कुटुंबं. घडवणाऱ्या कुंभारणीला बोलावणं असतं का? आणि तांबूल सवाष्णीला, मग विधवेचं काय? अलीकडं अनेक तमिळ बायकांनी हे प्रश्न स्वतः विचारले, कित्येक घरांनी बोलावणी बदलली, पायऱ्यांवर शेतकरी बाया, क्रिकेट खेळणाऱ्या मुली आल्या. बाहुल्या बदलतात, तशी आमंत्रणाची यादीही बदलू लागली आहे.

आपल्याला हे परकं नाही. आपलं हळदीकुंकू घ्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. ठराव झाला, फार चांगलं झालं. पण संक्रांतीला वाण लुटताना यादी कोण करतं आणि कोणत्या मापानं, हे परिपत्रकानं बदलत नाही.

आणखी जवळ येते. वस्तीतल्या बालवाड्यांमध्ये मी काम करते. देणगीत आलेली चांगली बाहुली कपाटात कुलपात ठेवलेली मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. पाहुणे आले की बाहेर निघते, गेले की आत. "पोरी खराब करतील ना, ताई." शिक्षिका वाईट नसते. तिला जिन्नसांचा हिशेब द्यावा लागतो, आणि हिशेबाच्या वहीत "खेळून झिजली" असा रकाना नसतो. खोक्यातली बाहुली मोलाची, हे माप न्यूयॉर्कहून आपल्या वस्तीच्या कपाटापर्यंत असं येऊन पोचलं आहे. माझी सूचना साधी आहे. तो रकाना घाला. वर्षअखेर ज्या बालवाडीतली बाहुली सर्वांत जास्त झिजली, तिचं काम चांगलं चाललं असं माना.

आणि आता आपल्या संघटना. आपण चळवळीचा इतिहास जमवतो, तोही एक संग्रहच. त्यात काय येतं? छापील अहवाल, परिषदेतले निबंध, सहीचं निवेदन, फोटोखाली नाव. म्हणजे शिक्का असलेली, खोक्यातली वस्तू. मोर्चाला गाडीभर बायका आणणारी, ठाण्यात रात्रभर बसून राहणारी, स्वतः ओव्या रचून सभेत म्हणणारी बाई आपल्या संग्रहात कुठं आहे? फोटोत ती आहे. फोटोखाली तिचं नाव आहे का?

शिबिराला तिला आपण बोलावतो. मग भाषणं पुस्तकी मराठीत आणि निम्मी इंग्रजीत होतात, वेळ अशी की तिचा दिवसाचा खाडा पडतो, आणि शेवटी तिला "अनुभवकथन" करायला सांगतात. निष्कर्ष आपण काढतो. बेकीची खुर्ची आणि लिफ्टचं दार, दुसरं काय!

तेव्हा आता गटांत बसाल त्या वेळी चार प्रश्नांवर बोला, असं मी सुचवते. आपल्या संघटनेत "चांगलं काम" मोजायची मापं कोणती, आणि ती कोणी ठरवली? त्या मापांत न बसणारं काम कोण करतं? अशा बायका निर्णयाच्या बैठकीत आहेत की फक्त कार्यक्रमात? आणि त्या तिथं याव्यात म्हणून आपल्यापैकी प्रत्येकीला नेमकं काय सोडावं लागेल? म्हणजे वेळ, भाषा, खुर्ची, नाव यांतलं काय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून काढा. पहिल्या तिन्हींवर आपलं चटकन एकमत होईल. चौथ्यावर भांडण होईल, आणि ते झालं तर बरंच होईल. आपण खरंच घराच्या मापाला हात घातला आहे, याची ती खूण असेल.